तळ्यावर सोडलेलं पाणी

एका राज्यात एकच कायदा होता, तोही शिळेवर कोरलेला: ‘राजाने तळ्यावर पाणी सोडावे.’ राज्य वसवणाऱ्या तीन भावांनी तो कोरला आणि ते मरून गेले. पुढे धुंधुर मांत्रिक आला. म्हणाला, “अर्थ उघड आहे. पाणी राजाचं, तो सोडील तेव्हाच लोकांनी भरावं.” राजा अरिसिंहाला हे गोड लागलं. मांत्रिकाने तळ्याला मंत्र घातला. न विचारता पाणी भरील तो दगड होईल. शिळेचा खरा अर्थ राजा पाळील तेव्हाच हा मंत्र तुटेल.

गिरजाची लेक शेवंती घागर भरायला गेली. कमरेवर भरली घागर तशीच, दगड झाली.

गिरजाने राजाला तळ्याकाठी आणलं. “महाराज, आपण एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिचा हक्क सोडला. शेंबड्या पोरालाही कळतं. तळं लोकांचं आहे.”

“पूर्वजांच्या मनातलं तू सांगणार?” मांत्रिक हसला. त्याने पिंजरा पुढे केला. “या पोपटात तिघांचे जीव आहेत. तीन प्रश्न विचार.”

“पाणी कुणाचं?”

“राजाचं,” पोपट म्हणाला.

“तुम्हाला खाऊ कोण घालतं?”

“धुंधुर.”

गिरजाने ओटीतला पेरू पिंजऱ्यात घातला. “आता सांगा, पाणी कुणाचं?”

“गिरजाचं! गिरजाचं!”

लोकांनी टाळ्या पिटल्या. गिरजा खवळली. “गप बसा! माझ्या बाजूनं बोलला म्हणून काय खरा झाला? पेरू देईल त्याचा हा पूर्वज.”

राजा खजील झाला. “मग त्यांचं मन कळावं कसं?”

“त्यांनी केलं काय ते बघा. दाराशी एवढं तळं, तरी स्वतःच्या पिण्यासाठी वाड्यात कातळ फोडून विहीर का खणली?”

“हौस असेल,” मांत्रिक पुटपुटला.

“तू फोड बरं हौसेनं कातळ!”

राजा गुडघाभर पाण्यात उतरला. ओंजळ भरली, सर्वांदेखत सोडली. “या तळ्यावर मी पाणी सोडलं.”

मंत्र तुटला. तो उलटून धुंधुराची वाचा गेली ती गेलीच. शेवंती हलली, आईला बघून म्हणाली, “अगं, केवढ्यानं ओरडतेस! तहान लागलीय मला.” तिने घागर तोंडाला लावली.

गिरजाने ती हिसकावून राजापुढे धरली. “आधी तुम्ही प्या, महाराज.”

राजा प्याला. गिरजा त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “पी गं पोरी.”

तेव्हापासून त्या तळ्यावर राजाही रांगेत उभा राहतो.