म्होरक्या आणि रिकामा डोह

एका घनदाट जंगलात, नदीच्या खोल डोहापाशी पाणमांजरांचा एक मोठा कळप राहत असे. मुलांनो, पाणमांजरं एकमेकांना शीळ घालत, सगळी मिळून मासे धरतात. या कळपाच्या काही जुन्या रीती होत्या. मासे अंडी घालत त्या दिवसांत डोहात कुणी उतरत नसे. म्हाताऱ्यांना आणि जखमींना आधी वाटा मिळे. शिकार संपली की सगळी खडकावर बसत, आणि तिथे म्होरक्याला कुणीही, अगदी शेंबडं पोरसुद्धा, काहीही विचारू शके.

म्होरक्या नवा होता, अंगाने धिप्पाड, आणि त्याला हे सगळं वेळखाऊ वाटे. त्यात झाडावरच्या खंड्या पक्ष्याने त्याचे कान भरले. "अहो, एवढा भरलेला डोह आणि तुम्ही सुट्ट्या कसल्या घेता? लंगड्यांना पोसता, वर पोराटोरांना उत्तरं देता! कळप चालवताय की धर्मशाळा?" म्होरक्याने ते मनावर घेतलं. त्याने साऱ्या रीती मोडल्या, खडकावरची बैठकही बंद केली. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी मासळी दुप्पट मिळाली. काठावर ढीग लागले, खाऊन उरलेले मासे तिथेच कुजले. खंड्या येताजाता त्याची पाठ थोपटी. का नाही थोपटणार, त्यालाही फुकटचं मिळत होतं ना!

पुढच्या वर्षी डोहात औषधालाही मासा दिसेना. घाण पाण्याने पिल्लं आजारी पडली. कळपात एक लंगडी मावशी होती, तिच्या वाट्याला आता फक्त उष्टं येई. एके सकाळी ती नदीच्या खालच्या वळणाकडे निघाली आणि तिच्यामागे हळूहळू सगळा कळप गेला. खंड्याही उडाला, त्याचं काय जातंय! म्होरक्या एकटा उरला. संध्याकाळी वारा फिरला की खालून शीळ ऐकू येई. ही मावशीची, ही धाकट्या भावाची, ही त्या अवखळ पोरीची. त्याला प्रत्येक शीळ ओळखता येई. तोही शीळ घाली आणि उत्तराची वाट बघत बसे. उत्तर येत नसे. पोटात भूक होतीच, पण त्याला आपल्या लोकांची ओढ त्याहून जास्त छळत होती.

शेवटी न राहवून तो खालच्या वळणावर गेला. कळप काठावर जेवत होता.

"मावशी," तो म्हणाला, "डोह रिता होतोय हे तुम्हांला दिसत होतं. मग मला एकानेही का नाही सांगितलं?"

"कुठे सांगणार, बाबा?" मावशी म्हणाली. "सांगायची जागा तूच बंद केलीस."

म्होरक्याची मान खाली गेली. "घरी चला ना सगळे. आता हवं ते विचारा मला."

"आता काय विचारायचं? तिथे खायला काही उरलंय का? तू राहा इथे आमच्यात. पण म्होरक्या म्हणून नाही हं."

तो राहिला. सगळ्यांबरोबर पोहू लागला, मिळेल तो वाटा खाऊ लागला. तरी संध्याकाळी तो नदीच्या वरच्या अंगाला तोंड करून बसे. त्या डोहात तो जन्मला होता, आईच्या पाठीवर बसून पोहायला शिकला होता. तो डोह एकदा तरी पुन्हा माशांनी भरलेला बघावा असं त्याला फार वाटे.

"मावशी, भरेल का गं आपला डोह?" त्याने एकदा विचारलं.

"भरेल की," मावशी म्हणाली. "पण तो बघायला तू आणि मी नसू."

तात्पर्य : कळप असो की कंपनी, जे पाणी आपल्याला पोसतं, जे सोबती आपल्याबरोबर राबतात आणि जे आपल्याला प्रश्न विचारतात, त्यांना जपणाऱ्याचीच भरभराट टिकते, त्यांना तुडवून झालेली कमाई पुढच्या हंगामालाही पुरत नाही.