शेवटी ठेवलेला विषय

‘...म्हणून विचारतो, सर, अभ्यासाची योजना दीड वर्षाची करू की सरळ तीन वर्षांची?’

इनामदारसर चिंचा फोडत होते.

वली अहमद इनामदार यांनी सरकारी कॉलेजात उभी हयात मेडिसिन शिकवलं. काचबिंदूनं दृष्टी गेली तेव्हा घर मुलांच्या हवाली करून ते गावाबाहेरच्या टेकडीवर, दर्ग्याच्या आवारातल्या एका खोलीत येऊन राहिले. दर्शनाला येणारे लोक त्यांना बाबा म्हणत. डॉक्टर होऊ पाहणारी मुलं सर म्हणत. दोघांशीही ते सारखंच कमी बोलत.

समोर बसलेल्या मुलाचं नाव सुदर्शन गरड. तो दूरच्या एका बर्फाळ देशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन परतला होता. पण तिकडच्या पदवीवर इकडे कुणाच्या जखमेला पट्टीसुद्धा बांधता येत नाही. त्याआधी परवान्याची परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेत तो पुन्हा नापास झाला होता.

सरांनी न विचारताच त्यानं सांगायला सुरुवात केली. बरोबरची मुलं आणखी पुढच्या देशांत गेली, पण तो परत आला. त्याला पैसा कमवायचा नव्हता. शहरात पाटी लावायची नव्हती. गरडवाडीत आजही बाई अडली की जीप शोधावी लागते. तिथं त्याला दवाखाना काढायचा होता, प्रसूतीच्या खोलीसकट. बोलता बोलता त्याचा आवाज चढला, डोळे भरून आले.

‘दवाखान्याचं नाव ठरलं?’ सरांनी विचारलं.

‘हो सर.’

‘रंग?’

‘पांढरा. आणि खाली फिकट हिरवा पट्टा.’

‘वा.’

सरांनी पुढची चिंच उचलली.

सुदर्शननं पिशवीतून गुंडाळलेला मोठा कागद काढून फरशीवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग त्याच्या लक्षात आलं की समोरच्या माणसाला दिसत नाही, आणि तो ओशाळला.

‘वाच,’ सर म्हणाले.

तो वाचू लागला. कुठला विषय कुठल्या महिन्यात, उजळणी कधी, सराव परीक्षा कधी. पहाटे काय, दुपारी काय. कुठल्या रंगाच्या शाईचा अर्थ काय, हेही त्यानं सांगितलं. कागदावर जे शिस्तीत दिसत होतं ते मोठ्यानं वाचताना त्यालाच दम लागू लागला. मधेच एक ओळ त्यानं भरकन वाचून टाकली.

‘ती पुन्हा वाच.’

‘घर. रविवारी, जेवणानंतर.’

‘म्हणजे?’

‘फोन, सर. एरवी फोन बंद ठेवतो. लक्ष विचलित होतं.’

सरांनी मान हलवली. तो वाचत राहिला.

वाचून झालं. खाली दर्ग्यात कुणीतरी ऊद लावला होता. धूर पायऱ्या चढून वर येत होता.

‘अशी योजना पहिलीच?’

‘नाही सर.’

हळूहळू त्यानं सगळं सांगितलं. योजना करायला बसला की त्याला उभारी येई. पट्टीनं रेघा मारताना आपण पास झालोच, असं वाटे. पहिला महिना सुरळीत जाई. मग ताप येई, नाहीतर वीज जाई, नाहीतर एखादा धडा डोक्यातच शिरत नसे. एक दिवस मागे पडला की दुसरा पडे, आणि पुढचे सगळे रकाने खोटे वाटू लागत. मग तो नवा कागद आणी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी, कारण मधूनच सुरू केलेला अभ्यास पक्का होत नाही, असं अभ्यासिकेतले सगळेच म्हणत. परीक्षा मात्र त्याचा कागद संपायची वाट पाहत नसे.

‘पहिला विषय कोणता घेतोस?’

‘शरीररचना. ॲनाटॉमी.’

‘मनगटाची हाडं सांग.’

सुदर्शननं ती एका श्वासात सांगितली. नुसती नावंच नाही. कुठलं हाड कुठल्या हाडाला टेकतं, कुठलं मोडलं तर जुळायला वेळ लागतो आणि का, तेही सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा उजळला.

‘मनगटापर्यंत डॉक्टर झालास,’ सर म्हणाले.

त्याला हसू आलं, मग गेलं.

‘पुस्तक आणलंस?’

सगळ्या विषयांच्या छापील नोट्स त्यानं एकत्र बांधून घेतल्या होत्या. तो जाडजूड ठोकळा त्यानं सरांच्या मांडीवर ठेवला. सरांनी चिंचेचे हात लुंगीला पुसले आणि पुस्तक न उघडताच पानांच्या कडेवरून बोट फिरवलं.

सुरुवातीची पानं फुगली होती, मऊ पडली होती. त्यांचे कोपरे जुन्या नोटेसारखे लोळत होते. बोट पुढं सरकलं तशी कड टणक होत गेली. शेवटाजवळ बोट थांबलं.

सरांनी तिथं नख घातलं. नवा, गुळगुळीत कागद. पानं एकमेकांना चिकटलेली होती. त्यांनी ती सोडवली तेव्हा बारीकसा आवाज झाला.

‘हा विषय कोणता?’

सुदर्शननं वाकून पाहायला हवं होतं. तो वाकला नाही.

‘प्रसूती.’

‘शेवटी का?’

‘शेवटी वाचलेलं ताजं राहतं, सर. परीक्षेत त्यावर बरेच प्रश्न असतात, म्हणून...’

सर ऐकत होते.

‘...सगळेच तसं करतात.’

‘उघडलंय तेच पान वाच. इंग्रजीत नको. तुझ्या आईला कळेल असं वाच.’

त्यानं पुस्तक मांडीवर घेतलं. पान प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं होतं. तो थोडा वेळ नुसता बघत राहिला. मग शाळेतल्या पोरासारखा एकेक शब्द सुटा वाचू लागला.

‘मूल झाल्यावर... गर्भाची पिशवी आवळली पाहिजे. ती आवळली नाही, ढिली राहिली, तर रक्त थांबत नाही. मदत बोलवावी. आणि लगेच... पोटावर हात ठेवून पिशवी चोळावी. घट्ट होईपर्यंत.’

तो थांबला.

‘काय लागतं त्याला?’ सरांनी विचारलं.

‘सुरुवातीला... हात, सर. नुसता हात.’

खालून एका बाईचा आवाज आला. ती नातवाला चपला काढायला सांगत होती.

मग सुदर्शननं त्याच्या वहिनीची गोष्ट सांगितली. तो तिकडे पहिल्या वर्षाला असताना ती बाळंत झाली. मुलगी झाली. रक्त थांबेना. आरोग्य केंद्रावरून जिल्ह्याच्या गावी नेताना वाटेतच ती गेली. त्याची तिकडे परीक्षा चालू होती. घरात ठरलं, पोराला कळवायचं नाही. रोज त्याचा फोन यायचा, रोज दादा सांगायचा की सगळं ठीक आहे, तू पेपर नीट दे. वहिनी कुठंय विचारलं, तर माहेरी गेलीय म्हणायचा. सुतक फिटल्यावर, शेवटचा पेपर झाल्यावर त्याला कळवलं.

‘मधे एका मित्राचा वाढदिवस होता,’ तो म्हणाला. ‘मी सुतकात केक खाल्ला, सर.’

‘ती गेली त्या दिवशी पेपर कशाचा होता?’

‘शरीररचनेचा.’

सरांचा हात पुढं झाला. त्यांनी चाचपून त्याच्या मांडीवरचं पुस्तक मिटलं आणि त्या मऊ, फुगलेल्या पानांवर थोडा वेळ तळवा ठेवला.

सुदर्शन रडत नव्हता. तो पसरलेल्या कागदाकडे पाहत होता. म्हणाला, ‘त्या पेपरात मला सगळ्यांत जास्त मार्क पडले होते.’

...

‘मला नाही जमणार, सर. खरं सांगतो. योजना मी कितीही वर्षांची केली तरी त्या पानाच्या आधीच ती मोडणार. मीच मोडणार. आणि मी तिथं पोचलो नाही, तर गरडवाडीत पुन्हा...’

त्यानं वाक्य सोडून दिलं.

पारव्यांचा एक थवा घुमटावर बसला होता, तो उडाला. सरांनी मान तिकडे वळवली आणि पंखांचा आवाज संपेपर्यंत तशीच ठेवली.

‘घरी आता कोण कोण असतं?’

‘दादा, आई आणि वहिनीची मुलगी. शाळेत जाते. आईच सांभाळते तिला.’

‘सगळे बरे आहेत?’

‘हो सर.’

‘कशावरून?’

‘दादा सांगतो ना. रविवारी.’

‘काय सांगतो?’

‘सगळं ठीक आहे, म्हणतो. तू इकडची काळजी करू नको, अभ्यास कर...’

शेवटचे शब्द त्याच्या तोंडून सावकाश निघाले, जणू कुणी दुसराच ते बोलत होता.

‘तुझी परीक्षा कधी संपते?’ सरांनी विचारलं.

‘परीक्षा तर...’ तो म्हणाला. ‘परीक्षा तर चालूच आहे, सर. परत आलो तेव्हापासून चालूच आहे.’

त्यानं स्वतःचं बोलणं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला.

तो उठला. पिशवीत तळाशी ठेवलेला फोन काढून त्यानं चालू केला. फोन जागा होईपर्यंत तो उभ्या उभ्या अंगठ्यानं काच पुसत राहिला. टेकडीवर रेंज नीट मिळत नाही. पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन तो घुमटाकडे पाठ करून उभा राहिला. तिथून त्याचं बोलणं अर्धवटच ऐकू येत होतं. दादा, मी. नाही, सहजच. नाही, अभ्यास चालू आहे. मग तो बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग म्हणाला, आईला दे. मग पुन्हा ऐकत राहिला. मग म्हणाला, असू दे, असू दे, उठवू नको.

तो परत आला तेव्हा त्याची पावलं हलकी होती. येऊन बसताना त्यानं मोठा श्वास सोडला.

‘सगळं ठीक आहे, सर. मी उगाच घाबरलो. दादा नुकताच रानातून आला होता, हसला मला. आज रविवार आहे का, म्हणाला. मुलगी शाळेत गेलीय. आईशी तेवढं बोलता आलं नाही. ती झोपलीय. हल्ली दुपारी जरा आडवी होते म्हणे.’

चिंचेच्या टोपलीत सरांचा हात होता. पण तो चालत नव्हता.

सुदर्शननं दगड बाजूला केले. कागद उलटा करून कोरी बाजू वर घेतली. खिशातून पेन काढलं. त्याला घाई झाली होती.

‘मग असं करतो, सर. प्रसूतीच पहिली घेतो. हिंमत करतो. आजपासूनच. शरीररचना शेवटी टाकतो, ती तशीही पाठ आहे. पहिला महिना सगळाच्या सगळा प्रसूतीला देतो. चालेल ना?’

सरांनी टोपली बाजूला सरकवली.

‘की दोन महिने देऊ?’

...

‘सर?’

इनामदारसरांनी चेहरा त्याच्याकडे वळवला. ज्या बाजूनं आवाज येत होता, नेमका त्या बाजूला. वॉर्डात, खाटेच्या कडेला बसून विचारावं तसं, हलक्या आवाजात त्यांनी विचारलं,

‘आई दिवसाची कधीपासून झोपायला लागली?’