उंबऱ्यावर न सांगितलेले पाणी

फार जुन्या काळची गोष्ट. एका राज्यात घर विकण्याची एक रीत होती. विकणाऱ्याने उंबऱ्यावर बसायचे आणि घराचे सगळे दोष आपल्या तोंडाने सांगायचे. मगच किल्ली द्यायची.

एका विणकराने धान्याच्या व्यापाऱ्याचे घर घ्यायचे ठरवले. व्यापारी उंबऱ्यावर बसला. दार घासते, म्हणाला. एका वाशाला कीड आहे, म्हणाला. विणकराला वाटले, माणूस खरा आहे. त्याने होती नव्हती ती पुंजी दिली.

विणकराचा माग खड्ड्यावर बसतो. खड्ड्यात पाय सोडून तो पायांनी चालवायचा. विणकराने माजघरात खड्डा खणला. सकाळी पाहतो तर खड्ड्यात पाणी. उपसले, तर दुपारी पुन्हा भरले. दुसरीकडे खणले, तिथेही तेच. जमिनीखाली झरा होता. माग भिंतीला टेकून उभा राहिला. माग बंद म्हणजे चूल बंद.

विणकराचे चित्त थाऱ्यावर राहिना. रात्री-अपरात्री उठे, खड्ड्यात हात घालून पाही.

मेहुणा म्हणाला, "दाजी, त्यात काय एवढं? खड्डे बुजवा, वरून सारवा, आणि घर द्या कुणाच्या तरी गळ्यात बांधून. तुमच्या नाही का बांधलं?"

विणकराने खड्डे बुजवले. बायकोने सारवले. घर बघायला एक सुतार आला, कडेवर तान्ही पोर. विणकर उंबऱ्यावर बसला. दार घासते, म्हणाला. एका वाशाला कीड आहे, म्हणाला. आणि अडखळला. हेच शब्द त्याने याच उंबऱ्यावर ऐकले होते.

"खाली पाणी आहे," तो म्हणाला. "घेऊ नका."

सुतार निघून गेला. मेहुणा चिडला. विणकर उठला तो थेट गावच्या म्हाताऱ्या पंचाकडे गेला.

पंचाने व्यापाऱ्याला बोलावले. तो म्हणाला, याने घर स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतले, आता तक्रार कसली?

पंचाने विणकराला विचारले, "तू पाहिलेस तेव्हा माजघरात काय होते?"

"धान्य साठवायची मोठी कणगी होती. दगडांवर ठेवलेली."

"भरलेली?"

"रिकामी. धान्याची पोती माळ्यावर होती."

पंच व्यापाऱ्याकडे वळला. "घरात एवढी कणगी, आणि तू पोती माळ्यावर चढवत होतास. हौस म्हणून, की खालची ओल ठाऊक होती म्हणून?"

व्यापाऱ्याने ओल ठाऊक असल्याचे कबूल केले.

पंच म्हणाला, "सांगितलेला दोष घेणाऱ्याचा, लपवलेला विकणाऱ्याचा. विणकरा, घर परत देऊन सगळी किंमत घे. नाहीतर घर ठेव आणि दोषापुरती किंमत परत घे. नाहीतर याच्या खर्चाने पाण्याला वाट काढून घे. बोल, काय हवे?"

"घर परत देतो. मला कोरडी जमीन हवी."

"मिळेल. सुताराने मला सगळे सांगितले आहे. त्याला फसवून आला असतास, तर तुलाही याच्याच शेजारी उभे केले असते."

व्यापाऱ्याला पुन्हा उंबऱ्यावर बसावे लागले. गाव ऐकायला जमले. या वेळी त्याने आधी पाणी सांगितले, मग दार. गर्दीतून एक रंगारी पुढे आला. त्याला कापड रंगवायला घरातच पाणी हवे होते. त्याने घासाघीस न करता घर घेतले. व्यापाऱ्याच्या शब्दावर मात्र गावाने पुन्हा भरवसा ठेवला नाही.

बोध एवढाच: दोष लपवून विकू नये, आणि फसवला गेलास तर न्याय माग, पण तीच फसवणूक दुसऱ्याच्या माथी मारू नकोस.