तीन लाल धागे

गावाच्या टोकाला गोरखचिंचेचं एक ढेरपोटं झाड होतं. त्याच्या सावलीत चिमुकली झोपडी, आणि झोपडीत रुंजी आणि तिची आई. झाडाच्या आंबटगोड फळांचं सरबत विकून दोघी जगायच्या. पण दोन वर्षं झाडाला एकही फळ लागलं नव्हतं. रुंजी कितीदा तरी उपाशीच झोपायची.

गावातले तात्या म्हणाले, "झाड निकामी झालं. उद्या तोडू."

"फुलं येतात, मग फळं का नाहीत?" रुंजीने विचारलं.

"लहान तोंडी मोठा घास! सारखं का, का करू नये."

रुंजीला कळलं, तात्यांनाही माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती झाडाचा निरोप घ्यायला फांदीवर चढली. तेवढ्यात एक टपोरी कळी उमलली. दुधासारख्या पाकळ्या, मधोमध रेशमी गोंडा, आणि गोंड्यावर बसलेली बोटाएवढी चमचमती परी!

"तू रोज तुझ्या वाटचं पाणी या झाडाला घालतेस," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण जे स्वतः पाहिलंस तेच मागायचं. आणि थोडं काम तूही करायचं."

"झाडाला फळं लागू दे!"

"फळ कसं लागतं, ते पाहिलंस?"

"नाही," रुंजी म्हणाली. "पण आता पाहीन."

फडफड! डोंगरापलीकडच्या गोरखचिंचेवरून एक वटवाघूळ आलं. कोल्ह्यासारखं इवलं तोंड परागांनी पिवळं झालेलं. त्याने एका फुलातला मध चाटला, दुसऱ्यातला, तिसऱ्यातला. प्रत्येक फुलाला थोडे पराग चिकटले.

"अगंबाई! हे तर पराग वाटत फिरतंय. पण एकटंच का?"

"पूर्वी शेकडो यायची. अशुभ म्हणून कुणीतरी रोज धूर करून त्यांना हाकलतं. आज धूर करायला विसरलाय, कुऱ्हाडीला धार लावतोय ना!"

रुंजीने परकराच्या काठातून तीन लाल धागे उपसले आणि त्या तीन फुलांच्या देठांना बांधले. "परी, सगळी वटवाघळं परत येऊ देत."

"येतील. धूर थांबवणं मात्र तुझं काम."

सकाळी कुऱ्हाड आली. रुंजी झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"तात्या, पैज! महिनाभर थांबा. काल वटवाघूळ ज्या फुलांवर बसलं, त्यांना धागे बांधलेत; तिथेच फळं धरतील. धरली, तर तुमचा धूर बंद!"

"एवढीशी चिमणी माझ्याशी पैज लावते?"

"हरायची भीती वाटते का?"

जमलेले गावकरी खोखो हसले. तात्यांना थांबावंच लागलं. पण धूर रोज चालूच राहिला.

रोज फुलं उमलली, गळली, देठ सुकले. महिन्याने तात्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं. मखमली, हिरवी, इवलीशी तीन फळं! बरोबर तीन लाल धाग्यांपाशी.

आई हसून म्हणाली, "तात्या, बोला की काहीतरी!"

तात्या गेले, आणि धुराच्या शेगडीवर स्वतः घागरभर पाणी ओतलं.

त्याच संध्याकाळी जांभळ्या आभाळातून शेकडो पंख आले. शेवटच्या फुलातून परी उठली, रुंजीच्या गालाला शिवली, आणि सोनेरी उजेड होऊन पंखापंखांवर विखुरली.

तात्या बराच वेळ वर बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "रुंजे, ही उलटी का गं लटकतात?"

रुंजीने त्यांचा हात धरला. "चला तात्या, बघूया."