कुंदाने दाखवलेली वाटी

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक कपड्यांचा व्यापारी बायकोला कायमची माहेरी सोडायला निघाला आणि वाटेत दवाखान्यापाशी थांबला. शेवटचा उपायही करून पाहिला, असं चार लोकांना सांगता यावं, एवढ्याचसाठी. दवाखाना एका वृद्ध डॉक्टरीणबाईंचा होता. गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. त्यांच्या हाताखाली नुकतीच पदवी घेतलेली एक शिष्या शिकत होती, आणि व्यापाऱ्याची बायको तिचीच रुग्ण होती.

व्यापारी खुर्चीत बसला. बायको, कुंदा, मागे उभी राहिली. आणि बोलला कोण? व्यापारीच! "हिला ते... बायकांचं. तीन महिने झाले. तुमच्या या मॅडमनी दोनदा गोळ्या दिल्या, उलट वाढलंच. आई म्हणते, असला रोग चांगल्या घरच्या बाईला होत नाही. म्हणून हिला कायमची माहेरी सोडायला निघालोय."

आता बघा, या गृहस्थाच्या दुकानात दिवसभर बायकांची अंतर्वस्त्रं विकली जात. मापं तोंडपाठ. आणि घरच्या बाईच्या दुखण्याला याच्याकडे शब्द नाही!

शिष्या घाईने म्हणाली, "पांढरं जातं, म्हणून जंतू मारायच्या गोळ्या दिल्या होत्या, बाई."

"पांढरं जातं हे सांगितलं कुणी?"

"यांनी."

"हिला विचारलंस?"

शिष्येने विचारलं नव्हतं. तपासलंही नव्हतं. नवरा बोलला ते लिहून घेतलं होतं.

मोठ्या बाईंनी व्यापाऱ्याला बाहेर बसवलं. मग त्यांनी जे केलं त्याचा अर्थ शिष्येला मुळीच लागेना. त्या आतल्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन वाट्या घेऊन आल्या. एकीत पाणी निथळलेला चक्का, दुसरीत भाताची पातळ पेज.

"बोलवत नसेल तर बोलू नकोस, बाळ," त्या कुंदाला म्हणाल्या. "तुझं जातं ते यातलं कशासारखं? नुसतं बोट दाखव."

कुंदाने चक्क्याकडे बोट दाखवलं आणि तिला रडू कोसळलं. मग मात्र तिला बोलता आलं. खाज अशी की जीव नकोसा होतो. लघवीला आग होते. जागा लाल झाली आहे, सुजली आहे. नवऱ्याजवळ गेलं की दुखतं.

"घाण वास? ताप? ओटीपोटात कळा?"

"नाही हो, त्यातलं काही नाही."

मोठ्या बाईंनी तिला नीट तपासलं, "बुरशी आहे" म्हणाल्या, आणि शिष्येवर कडाडल्या. "अगं, कसली विद्या शिकलीस? वास असता, रंग हिरवट असता, ताप असता, तर दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. पांढरं म्हणजे सगळं एकच का? तुझ्या गोळ्यांनी चांगले जंतू मेले आणि बुरशीला रान मोकळं मिळालं! साखर वाढली की बुरशी फोफावते, तरी रक्तातली साखरही पाहिली नाहीस. पण माझा खरा संताप वेगळाच आहे. हिच्या शरीराची हकीकत तू नवऱ्याच्या तोंडून ऐकलीस. त्या जागेला आपल्या समाजाने शिवीखेरीज नाव ठेवलेलं नाही, मग बाईने सांगायचं कसं? तिला सांगता येईल असं करणं, हे आपलं पहिलं काम. ते तू केलं नाहीस, म्हणून ही आज घराबाहेर पडते आहे."

शिष्येची मान खाली गेली. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला, स्वतःचाच. ती कुंदाला घेऊन तडक बाहेर गेली. बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या.

कुंदाकडे वळून तिने विचारलं, "इथे बोलू?" कुंदाने मान डोलावली.

"यांना बुरशीचा संसर्ग आहे," शिष्या व्यापाऱ्याला म्हणाली. "कुणाही बाईला होतो. चारित्र्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. औषधाने बरा होतो. वाढला तो माझ्या चुकीने."

"अहो, हळू बोला!" व्यापारी दचकून उठला. "बरं, बरं. चल कुंदा, घरी चल."

कुंदा हलली नाही. "येते. पण मला काय झालंय ते आईंना तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर."

"मी? मी कसं सांगू?"

"इथे म्हणून बघा," शिष्या म्हणाली.

त्याला घाम फुटला. "हिला... ते... बायकांचं..."

"नीट!" आतून मोठ्या बाईंचा आवाज आला.

"हिच्या योनीला बुरशीचा संसर्ग झालाय," व्यापारी म्हणाला. "तिचा काही दोष नाही."

बाकावरची एकही बाई हसली नाही. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईने डोळे पुसले आणि ती सोबत आलेल्या आपल्या मुलाला म्हणाली, "तू बस इथेच. मी एकटीच आत जाते."