खसखशीएवढी राजकन्या

एकदा काय झालं, वज्रसेन नावाचा एक राजा होता आणि त्याला इंदुला नावाची एकुलती एक मुलगी. एका वैदूने राजाला दोन पुरचुंड्या दिल्या. पांढऱ्या पुडीची चिमूट टाकली की काहीही दहापट लहान व्हायचं, लाल पुडीची टाकली की दहापट मोठं. राजाने त्या कुठे ठेवल्या? साखरेच्या वाटीशेजारी. राजेच ते, बरं का.

त्या राज्यात रीत अशी, की वाढदिवसाला घरातल्या बायकांनी मुलीच्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवायची. मानाची चिमूट. इंदुलाच्या वाढदिवसाला साखरेऐवजी पांढरी पूडच पुढे आली. आत्याने चिमूट ठेवली आणि इंदुला बोटाएवढी झाली. आता तिथेच थांबायचं की नाही? पण मावशी फुरंगटली. आत्याची चिमूट चालते आणि माझी तेवढी जड होते का, म्हणाली. मग तिनेही टाकली. इंदुला तांदळाच्या दाण्याएवढी झाली. मग मामी कशी मागे राहील? तिची चिमूट पडली आणि इंदुला खसखशीएवढी.

राजाने तिला तळहातावर घेतलं. खिडक्या लावून घेतल्या. त्याला श्वास सोडायचीही चोरी, कारण एक फुंकर पुरली असती आणि पोर हरवली असती. त्यात नाकात एक शिंक येऊन बसली.

प्रधानजींनी हिशेब मांडला. पोर हजारपट लहान झालीय, तेव्हा लाल पुडीच्या हजार चिमटी. एकही कमी नको. मग ते चिमटी काढून ठेवायला बसले.

राजाच्या मनाला काही ते पटेना. आधी कशावर तरी करून बघा, तो म्हणाला. मग दरबाराच्या मधोमध ज्वारीचा एक दाणा ठेवला. एक चिमूट टाकली, दाणा लिंबाएवढा. दुसरी टाकली, भोपळ्याएवढा. तिसरी टाकली, तर दाणा हत्तीएवढा होऊन सिंहासनाला जाऊन टेकला.

"प्रधानजी, किती पट झाला हा?" राजाने ओठ न हलवता विचारलं.

"हजारपट, महाराज."

"आणि चिमटी किती पडल्या?"

प्रधानजींनी हातातली पूड हळूच खाली ठेवली. "तीन, महाराज."

हजार टाकल्या असत्या तर पोरीचं डोकं चंद्राच्याही पलीकडे गेलं असतं. वेण्या घालायला वर कोण चढणार होतं?

तर गंमत अशी, की पटी गुणत जातात आणि चिमटी नुसत्या मिळवत जायच्या. शंभरपटीला दोन, हजारपटीला तीन. शंभराला हजाराने गुणलं की लाख, आणि लाखाला दोन नि तीन मिळून पाच. आहे तेवढंच ठेवायचं, तर एकही नको. दुप्पट हवं, तर चिमटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही जरा कमी. चिमटींच्या या मोजणीला शाळेत लॉग म्हणतात. हजाराचा लॉग तीन, कारण आपली पूड दहापटीची. दुपटीची असती, तर त्याच हजाराला जवळजवळ दहा चिमटी लागल्या असत्या. झोपलात की काय? थांबा, पोर अजून तळहातावरच आहे.

शिंक आता नाकाच्या टोकाशी आली होती. राजाने मुलीला अलगद चौरंगावर टेकवलं. मग पहिली चिमूट. तांदूळ दिसला. मग दुसरी. बोट दिसलं. तिसरी पडली आणि इंदुला होती तेवढी होऊन परकर झटकत उभी राहिली. मग राजा असा शिंकला, की तिघींचे पदर उडाले.

"बाबा, इतका वेळ का लावलात?" इंदुलाने विचारलं.

"हजार मोजत बसलो होतो गं," राजा म्हणाला. "मोजायच्या होत्या तीन."

मग सगळ्यांनी पोटभर जेवून घेतलं आणि त्या राज्यात पुढे सगळं गोडीगुलाबीनं चाललं. आता पांघरूण घ्या बघू गळ्यापर्यंत, आणि मिटा डोळे.