झिपरी खारीचा वाकडा दात

ही गोष्ट भुईमुगाच्या शेताजवळची. झिपरी खारीचा डावा दात तुटला की उजवा, तेवढं आता नीट आठवत नाही. पण तुटला, हे नक्की.

शेंग समजून तिने खडा चावला. कट्ट.
वरचा दात तुटला. खालचा वाढतच गेला. तोंड वाकडं मिटू लागलं. चावलं की कानाजवळ टक् टक्. शेंग फुटेना. पोट रिकामं.

टुणुक टुणुक झिपरी गेली सुतारकाकांकडे.
"काका, काका, कान दुखतो. शेंग फुटत नाही."
"आ कर बघू," काका म्हणाले. "कान नाही गं, ही जबड्याची बिजागरी. दार वाकडं बसलं की बिजागरी कुरकुरतेच. दात घासायला हवा. पण माझी कानस गंजली. तेल आण, मग घासतो."

टुणुक टुणुक झिपरी गेली तेलीणकाकूंकडे.
"काकू, काकू, तेल द्या.
तेल कानशीला,
कानस दाताला,
मग फुटेल माझी शेंग."
"तेल कुठलं? घाणा बंद. आधी बैलाला फिरव."

टुणुक टुणुक झिपरी गेली बैलाकडे.
"बैलोबा, बैलोबा, फिर ना.
बैल घाण्याला,
तेल कानशीला,
कानस दाताला,
मग फुटेल माझी शेंग."
"आणि डोळ्यांवर झापड कुठाय? उघड्या डोळ्यांनी गोल गोल फिरलो, तर मला घेरी येते. आधी झापड आण."

टुणुक टुणुक झिपरी गेली शिंपीणताईकडे.
"ताई, ताई, झापड शिव.
झापड बैलाला,
बैल घाण्याला,
तेल कानशीला,
कानस दाताला,
मग फुटेल माझी शेंग."
"शिवू कशी? बाळ कडेवरून उतरेना. आधी त्याला हसव."

ट्यांहा ट्यांहा.
"बाळा, बाळा, हस ना.
हसू ताईला,
झापड बैलाला,
बैल घाण्याला,
तेल कानशीला,
कानस दाताला,
मग फुटेल माझी शेंग."
बाळाला काय कळणार शेंगेचं? ते रडतच राहिलं.
झिपरीलाही रडू आलं. तिने तोंड वेंगाडलं. वरचा दात इकडे, खालचा भलतीकडे.
बाळाने बघितलं. बाळ थांबलं. खुदुखुदु हसलं.

बाळ हसलं, ताईने झापड शिवली. सुर्र सुर्र.
झापड बांधली, बैल फिरला. करर् करर्.
बैल फिरला, तेल निघालं. ठिप् ठिप्.
तेल लागलं, कानस चालली. खर्र खर्र.
"आता मीट तोंड," काका म्हणाले.
मिटलं. सरळ मिटलं. टक् टक् झालंच नाही.
शेंग फुटली. कुडुम कुडुम.

पोट भरलं, तशी झिपरी निघाली. काकांना एक शेंग, काकूंना एक, ताईला एक. बैलोबाला टरफलं.
"दाणे कुठायत?" बैलोबा म्हणाला.
मग त्यालाही एक शेंग.
बाळाला तर दातच नव्हते. त्याला तिने आपली शेपटी दिली, धरायला.

काकांनी तिला लाकडाचा तुकडा दिला. "रोज कुरतड हं. दात पुन्हा वाढणार."
झिपरीला ते खरं वाटेना. पण काकांचा शब्द, म्हणून ती रोज कुरतडायची. कुर्र कुर्र.

पुढे कितीतरी वर्षांनी मी प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून खात्री करून घेतली. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात.